पाद्रेच्या मनगटावरची दोरी

पाद्रे : नाही म्हणजे नाही, ब्रिगिडाआजी. मिशनातल्या मुलींच्या खोलीचं कुलूप सणापर्यंत निघणार नाही.

ब्रिगिडा : अरे, मी कुठे कुलूप काढ म्हणाले? कुलूप राहू दे दाराला. माझी नात तेवढी बाहेर दे.

रुफिना : (खिडकीच्या गजांतून) आजी, मी तयार आहे. टोपलीपण घेतलीय.

पाद्रे : रुफिना, तू मधे बोलू नकोस. तू आत आहेस.

रुफिना : तोंड बाहेर आहे, पाद्रे.

ब्रिगिडा : डोंगरापलीकडे निवडुंगावर पिताया पिकून फुटायला लागल्यात. सगळी वस्ती निघाली फळं खायला. तुझा घंटा वाजवणारासुद्धा पहाटेच गेला.

पाद्रे : तरीच. मी घंटेची वाट बघत बसलो होतो.

ब्रिगिडा : बसलेला दिसलास. मला वाईट वाटलं, पण सांगायला थांबले असते तर ऊन चढलं असतं.

पाद्रे : दरवर्षी असंच होतं. गेल्या वर्षी संत इग्नासिओच्या सणाला देवळात मी आणि शिपाई, दोघंच गायलो. त्यातून शिपायाला शब्द येत नव्हते.

ब्रिगिडा : ऐकलं आम्ही. वारा इकडूनच येत होता. माझी सून म्हणाली, कुणाचं तरी गाढव अडकलंय.

पाद्रे : हसा. या वर्षी लोरेतोहून मोठे पाद्रे येणार आहेत, तेही सणालाच. देऊळ रिकामं दिसलं तर ते म्हणतील, इथे माणसंच नाहीत, मोडा ही वस्ती. मग तुम्हा सगळ्यांना किनाऱ्यावरच्या मिशनात हलवतील. चालेल तुम्हाला?

ब्रिगिडा : नाही चालणार. तिथलं पाणी खारट आहे, आणि माणसं तापाने जातात.

पाद्रे : मग गाणाऱ्या मुली मला इथेच हव्यात. विशेषतः रुफिना. वरचा सूर तिचा आहे. ती नसली की बाकीच्या शेळ्यांसारख्या चहूकडे पांगतात.

रुफिना : आत सगळ्या ऐकतायत, पाद्रे.

पाद्रे : ऐकू देत. खरं तेच सांगतो.

ब्रिगिडा : तू जरा सावलीत बस बघू. माझ्या नातवाच्या वयाचा आहेस, आणि नाक तुझं भाजून निघालंय. बस. आता माझ्या डोळ्यांकडे बघ. काय दिसतं?

पाद्रे : बुबुळं पांढरी पडलीत.

ब्रिगिडा : गेल्या वर्षी तुझा चेहरा दिसत होता. आता नुसतं नाक दिसतं, तेही लाल आहे म्हणून. पितायांच्या वाटेवर खडकांत पाण्याची टाकी आहेत. एक कपारीत, एक वाळूखाली, एक अशा जागी की कोल्ह्यालाही सापडू नये. माझ्या आईने मला दाखवली. रुफिनाची आई देवाघरी गेली, म्हणजे दाखवायची मीच. वाट मला ठाऊक आहे पण दिसत नाही. हिला दिसते पण ठाऊक नाही. दोघी मिळून आमची एक धड बाई होते.

पाद्रे : पुढच्या वर्षी दाखवा.

ब्रिगिडा : पुढच्या वर्षी तुझं नाकही दिसणार नाही मला.

पाद्रे : आजी, इथे झरा आहे, मका आहे, रोज पेज मिळते. हिला ती टाकी कशाला लागणार?

ब्रिगिडा : तुझा झरा मी लहानपणी आटलेला पाहिलाय. तेव्हा पेज नव्हती, आणि पाद्रेही नव्हता. आम्ही त्या टाक्यांवर जगलो.

पाद्रे : समजा मी सोडलं. तुम्ही परत याल कशावरून? फळांत कुणाला सणाची आठवण राहते?

ब्रिगिडा : तुला तो एलिगिओ म्हातारा आठवतो? मांसाच्या दोरीचा?

पाद्रे : तो विषय नको.

रुफिना : आजी, सांग ना. मला आवडतो.

ब्रिगिडा : आम्ही गोल बसलो होतो. हरणाचा एवढासा तुकडा, दोरीला बांधलेला. एकाने गिळायचा, पोटात गेल्याचं सुख घ्यायचं, दोरी धरून वर ओढायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा. एक तुकडा, पण सगळ्यांना सण. एलिगिओची पाळी आली, आणि हा आमचा पाद्रे सुरी घेऊन धावत आला.

पाद्रे : मला वाटलं त्याच्या घशात अडकलंय. डोळे बाहेर आले होते त्याचे.

ब्रिगिडा : आनंदाने आले होते. तू दोरी कापलीस आणि सगळं मांस एकट्या एलिगिओच्या पोटात राहिलं. तो अजून तुझ्यासाठी प्रार्थना करतो.

पाद्रे : आणि बाकीचे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. माहीत आहे मला.

ब्रिगिडा : मग तेच सांगतेय. गिळलेलं वर येतं, बाबा, दोरी कुणी कापली नाही तर. आम्हाला दरवर्षी हे वाळवंट गिळतं आणि दरवर्षी आम्ही वर येतो. गेल्या वर्षी सणाला उशीर झाला, पण आलो की नाही? हात पुढे कर.

पाद्रे : हे काय बांधताय?

ब्रिगिडा : तीच दोरी. तू कापलीस तिथे मी गाठ मारलीय. ही तुझ्याकडे ठेवून जाते. आता आमच्यातल्या कुणीही हरीण मारलं तरी ही दोरी मिळेपर्यंत सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील. सणाच्या सकाळी रुफिना ती न्यायला येईल. आणि गाईल.

पाद्रे : आणि बाकीच्या मुली?

ब्रिगिडा : मागे वळून बघ.

पाद्रे : या सगळ्या कधी येऊन उभ्या राहिल्या?

ब्रिगिडा : त्यांच्या आज्या आहेत. तू नाही म्हणालास तेव्हापासून उभ्या आहेत. लाजतात बोलायला.

पाद्रे : देवा. रुफिना, बाजूला हो. किल्ली घट्ट बसते.

(संत इग्नासिओच्या सणाची सकाळ. देवळाची पायरी.)

रुफिना : पाद्रे, आम्ही आलो. बाकीच्या चढावर आहेत, मी पुढे धावले.

पाद्रे : आलीस. बरं झालं. मोठे पाद्रे आत बसलेत, तिसऱ्यांदा घसा खाकरून झाला त्यांचा. ओठ पूस.

रुफिना : हा लाल रंग जात नाही. सगळ्यांचे असेच आहेत.

पाद्रे : मोठे पाद्रे विचारतील.

रुफिना : त्यांच्यासाठी टोपलीभर आणल्यात. खाल्ल्यावर त्यांचेही होतील, मग नाही विचारणार.

पाद्रे : आजी कुठे आहे?

रुफिना : वाळूखालच्या टाक्यापाशी, सावलीत. एवढं चालवेना तिला. गाणं झालं की मी तिच्याकडे जाणार. तिने विचारायला सांगितलंय, पाद्रे खोलीला परत कुलूप लावणार का?

पाद्रे : ती किल्ली मी कुठे ठेवली ते काही आठवेना.

रुफिना : ती तुमच्या कमरेला आहे.

पाद्रे : तुझी आजी असती तर तिला दिसली नसती. हं, ही दोरी सोडव. माझ्याने गाठ सुटत नाही.

रुफिना : काल मामाने हरीण मारलंय. आजी म्हणाली, पाद्रेलाही गोलात बसव.

पाद्रे : मला?

रुफिना : सोपं आहे. चावायचं मात्र नाही.

पाद्रे : आधी गा तू. मग बघू. आणि निघताना स्वयंपाकघरातून वाळका भोपळा पाण्याने भरून घेऊन जा, रस्ता लांबचा आहे.

रुफिना : नको, पाद्रे. पाणी कुठे आहे ते ठाऊक आहे मला.