पायाशी

भाची : …म्हणून उद्याचं प्रवचन मी देणार नाही. आत्या, तूच सांग पाळकांना.

आत्या : आधी तो टॉवेल घे. कप पुसता पुसता बोल. आपल्या चर्चमध्ये पहिल्यांदा एक मुलगी प्रवचनाला उभी राहणार, म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटलेय, आणि तू ऐन वेळी कच खातेस?

भाची : घाबरले नाही गं. उतारा बघ ना कुठला दिलाय! येशू पाहुणा आलाय. एक बहीण स्वयंपाकात राबतेय, दुसरी त्याच्या पायाशी बसलीय. म्हणजे बाईने एक तर रांधायचं, नाही तर पायाशी बसायचं! मैत्रिणी आधीच चिडवतात, ‘चर्चमधली स्त्रीवादी’ म्हणून.

आत्या : माझ्या रविवारच्या शाळेत तू कुठे बसायचीस?

भाची : सतरंजीवर.

आत्या : आणि मी?

भाची : खुर्चीवर. म्हणजे मी तुझ्या पाया… ए, ते वेगळं! आम्ही शिकायला बसायचो.

आत्या : मग ती काय पाय चेपायला बसली होती? गुरूच्या पायाशी बसायचा मान तेव्हा पुरुषांचा. ही खुशाल जाऊन त्यांच्यात बसली. बहिणीने तक्रार केली, हिला उठवा म्हणून. उठवलं त्याने?

भाची : नाही. उलट म्हणाला, तिने जे निवडलंय ते तिच्याकडून कुणी काढून घेणार नाही.

आत्या : ‘निवडलंय.’ तिला तिथे कुणी बसवलं नव्हतं, बाळा.

भाची : आत्या, हे तू का नाही सांगितलंस कधी, तिथे उभी राहून?

आत्या : मला कुणी विचारलंच नाही. आणि प्रवचन रंगात आलं की मला इकडे स्वयंपाकघरात यावं लागतं, नंतर सगळ्यांना द्यायच्या कॉफीचं बघायला. शेवट काही कानावर पडत नाही. गाणं सुरू झालं, की समजायचं, संपलं.

भाची : म्हणजे ती राबणारी बहीण तूच!

आत्या : तिलाही नावं ठेवू नकोस हं उद्या. तिलाही बसावंसं वाटत असेल की. पण घरभर माणसं भुकेली.

(पाळक दारातून डोकावतात.)

पाळक : काय, झाली का तयारी?

भाची : झाली. पण एक अट आहे. उद्या मी बोलत असताना कॉफीचं तुम्ही बघायचं.

पाळक : मी? अहो, प्रवचन चालू असताना मी… अरे हो, उद्या मी मोकळाच आहे की!

आत्या : त्याला नको गं सांगूस. सतरंजीवर बसायचा तेव्हापासून हाताचा धांदरट. एक कप धड राहायचा नाही.

पाळक : फुटले तर फुटले, बाई. तुम्ही बाहेर बसा.

आत्या : आता या वयात कुठे बसू? मागच्या बाकावर?

भाची : सगळ्यांत पुढे. अगदी माझ्यासमोर.

आत्या : म्हणजे पायाशीच की!

भाची : हो, आत्या. आणि शेवटपर्यंत.