दोघांत एक गॉगल

हॅलो?… हॅलो… हो, बोल बारके, येतोय आवाज. तुला येतोय का माझा?… मग ओरडतेस कशाला, मी काही पाण्याखाली नाहीये… दुकानात आहे. चष्म्याच्या… नाही गं, माझे डोळे ठणठणीत आहेत. परवाच्या शर्यतीसाठी गॉगल घेतेय… आपल्या टीमसाठी. माझ्या एकटीसाठी असता तर मी दुकानात आले असते का? घरातलाच कुठलातरी लावला असता…

अगं ऐक ना. मी पोहणार. मला उन्हाचा गॉगल काय कामाचा? पोरांना पोहायला शिकवताना लावते तोच पाण्यातला चष्मा लावून उतरणार, हातपाय मारणार, बाहेर येणार. राहिले कोण? एक सायकलवाला आणि एक धावणारी… हो, सायकलवाला म्हणजे तोच. मी तुझा नवरा म्हटलं का? सायकलवाला म्हटलं. नवरा तू म्हणालीस…

बरं, राहू दे. तर सायकल काय आणि धावणं काय, दोन्हीला ऊन. तो तलावाच्या कडेचा रस्ता बघितलास ना तू? सावली म्हणून नाही कुठे. वरून ऊन, शिवाय पाण्यावरची चकाकी. आणि तुझी अर्धशिशी… हो, तेच म्हणतेय मी. अर्ध्या रस्त्यात डोकं धरून बसलीस म्हणजे? माझं पोहणं वाया, त्याची सायकल वाया…

तुझा आहे? कुठला, तो काळा, सोनेरी पट्टीचा?… बारके, तो गॉगल धावायचा नाही, खुर्चीत बसायचा आहे. मागच्या शर्यतीत तू तो एका हाताने धरून धावलीस. सगळ्या फोटोंत तू कुणालातरी सलाम ठोकतेयस… हो, सगळ्या. मी फ्रिजवर लावलाय त्यातला एक…

थांब हं एक मिनिट… दादा, तो खालच्या कप्प्यातला काढा. नाही, त्याच्या शेजारचा. आरशासारखा नको, त्यात समोरच्याला स्वतःचंच तोंड दिसतं. आणि इतका काळा पण नको, डोळे दिसले पाहिजेत… हं, बोल… का म्हणजे? दिसलेले बरे असतात… शर्यतीत कोण कुणाचे डोळे बघतं ते मला काय माहीत. सुरक्षेसाठी म्हणतेय…

आता मी जरा धावते हं, फोन धरून ठेव… दुकानातच. जागच्या जागी. घसरतो का बघायला नको?… बघतायत ना, सगळेच बघतायत. बाकावर एक आजोबा बसलेत, त्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेत. त्यांना मी धूसर दिसतेय, तेवढंच समाधान… नाही, हा नाही चालत. दुसऱ्या उडीला नाकाच्या शेंड्यावर आला. शेंडा उंच आहे म्हणून थांबला…

नको गं, ती चकाकी मारणारी पोलराइज्ड काच नको. चष्मेवाले मघापासून तेच गळ्यात मारतायत. दुप्पट किंमत. आणि सायकलच्या हँडलवर तो वेग दाखवणारा डबा असतो ना, त्याचा पडदा कधीकधी त्या काचेतून काळाच दिसतो. साधी करडी काच घ्यायची, ऊन कापणारी, अतिनील किरणं अडवणारी, वजनाला हलकी, कडेला वाऱ्याला फट असलेली, म्हणजे वाफ धरत नाही. झालं. बाकी सगळा दिखावा…

कुणी सांगितलं म्हणजे? आपल्या सायकलवाल्या लिफ्टवाल्याने… हो, बोलते मी त्याच्याशी. का नाही बोलणार? त्याने माझं काय घोडं मारलंय?… 

तुझं मारलं. हो. माहितेय…

माहितेय गं. तू ऑपरेशनमधून शुद्धीवर आलीस आणि शेजारची खुर्ची रिकामी… हो, खुर्चीवर त्याचं जाकीट होतं. नुसतं जाकीट… त्याला फोन आला, लिफ्टमध्ये माणसं अडकली होती, त्याचं कामच ते… 

हो. तूही अडकली होतीस…

मी काही म्हणतेय का? चूकच होती ती. मी त्याच्या तोंडावर सांगितलंय. खाली मान घालून ऐकलं. बोलता आलं असतं तर त्या दिवशीच बोलला असता आणि तू आज मैत्रिणीच्या माळ्यावरच्या खोलीत डोकं आपटत राहिली नसतीस… छताला गं. उतरतं आहे ना ते… मी त्याची बाजू घेत नाहीये, बारके. मी गॉगल घेतेय…

दादा, एक स्टूल मिळेल का? नाही, बसायला नाही. सायकल म्हणून… हं… वाकून बघतेय गं. सायकलवर वाकलं की गॉगलची वरची कड नजरेच्या आड येते. मग माणूस रस्ता बघायला मान उचलतो आणि मान धरते… हा ठीक आहे. ह्याला वर कडच नाही, नुसती काच… त्या आजोबांचा नंबर लागला वाटतं. जाताना माझ्याकडे बघून हात जोडून गेले…

काय? पट्टा? अगं, पट्ट्याचं केलंय मी सगळं तुझ्या मनासारखं. पायाचा तो वेळ मोजायचा पट्टा माझ्या पायातून त्याच्या पायात, त्याच्या पायातून तुझ्या पायात. पण मधे तिथली एक मुलगी उभी राहणार. ती त्याचा सोडणार, तुला बांधणार. तुमची गाठ पडायला नको. तुझी अट आहे ना, त्याने तुझ्यासमोर यायचं नाही, मग झालं तर. मी अटीला पक्की आहे…

गॉगल? गॉगल काय… तो काढणार, तू घालणार…

कुणाच्या हातून म्हणजे? त्याच्या… मग कुणाच्या? त्या पट्टेवाल्या मुलीला हात दोनच आहेत, दोन्ही पट्ट्यात गुंतलेले…

दोन कशाला? परवडत नाहीत. टीमच्या पैशांत नावनोंदणी झाली, टोप्या झाल्या, आता एका गॉगलापुरते उरलेत… तू तुझा घेणार? कधी? आज लॅबमध्ये रात्रीपर्यंत लोकांचं रक्त काढणार, उद्या पुन्हा सकाळची पाळी, परवा शर्यत… मी घेऊन ठेवू? म्हणजे पैसे माझे. मग मला परवडत नाही…

कंजूष तर कंजूष. तुझ्या लग्नात उरलेल्या पत्रावळ्या मी मोजून घरी आणल्या होत्या, तेव्हा नाही म्हणालीस कंजूष. तेव्हा ताई व्यवहारी होती…

आणि सोपं नव्हतं हं हे. दोघांना बसेल असा गॉगल शोधता शोधता नाकी नऊ आले माझ्या. त्याचं डोकं म्हणजे पातेलं, तुझं म्हणजे वाटी. त्याचा कामावरचा जुना चष्मा मापाला आणलाय, तुझा माझ्याकडे राहिलेला वाचायचा एक आणलाय. एकात एक घालून ठेवले तर मधे लिंबू मावेल. चष्मेवाले म्हणाले, बाई, हे एकाच घरातले आहेत का? मी म्हटलं, सध्या नाहीत…

अगं खरं तेच सांगितलं ना?…

ऐक तर. ह्या गॉगलच्या काड्या लवचीक आहेत आणि नाकाची रबरं आतबाहेर होतात. सायकलवर त्याने रबरं बाहेर ओढून घालायचा, उतरला की आत दाबून तुझ्या हातात द्यायचा… तो दाबेल. अख्ख्या गावाच्या लिफ्टची दारं बसवतो, नाकाची दोन रबरं नाही दाबता येणार?…

घामेजलेला? असेल की. सायकल मारून आलेला माणूस काय अत्तर लावून येणार? पुसून देईल… देईल गं. त्याला काय ते नवीन आहे? इतकी वर्षं रोज पहाटे तुझा चष्मा पुसत आलाय, त्यात एक गॉगल त्याला जड नाही…

हॅलो?…

हॅलो… बारके?… 

हं. मला वाटलं फोन कटला… काय काय म्हणालीस? परत सांग… अगं पहाटे. तुमच्याकडे नव्हते का राहिले मी, गुडघा सुजला होता तेव्हा? पाणी प्यायला उठले तर हा स्वयंपाकघरात उभा. दिवा नाही, काही नाही. तुझा चष्मा तोंडापुढे धरून हा… हा… करून वाफ सोडतोय आणि शर्टाच्या टोकाने पुसतोय. मला बघून असा दचकला, जणू बिस्किटांच्या डब्यात हात सापडला. मग चष्मा तुझ्या उशाशी होता तसा ठेवून आला… एकदा नाही, मी होते तितके दिवस रोज…

मला काय माहीत तुला माहीत नव्हतं?… तुला काय वाटलं, चष्मे आपोआप स्वच्छ होतात?… 

हं… हं…

हल्ली सारखे डाग असतात? कधीपासून?… हो. असणारच…

माळ्यावर धूळ असते, तेही असेल. मी कुठे नाही म्हणतेय…

नाही, मी मुद्दाम सांगितलं नाही. गॉगलवरून विषय निघाला. गॉगल मी कशासाठी घेतेय? ऊन आहे म्हणून… एकच का? सांगितलं ना, पैसे नाहीत म्हणून. माझ्या पोटात काही नाही, जे आहे ते…

काय दादा?… नाही, नको… नको म्हटलं ना… कळलं मला, आज आहे. तरी नको… हो, दिसतेय मला पाटी. मघापासून तिच्याकडे पाठ करूनच उभी आहे. एकच बांधा…

हं, बोल बारके… चष्मेवाले होते. डबीचं विचारत होते… कसली पाटी?… दुकान आहे, पाट्या असतातच… नाही गं, ‘एकावर एक’ असं काही म्हणाले नाहीत… तुला कसं ऐकू आलं? मघाशी तर आवाज पोचत नसल्यासारखी ओरडत होतीस…

हो…

हो, फुकट. दुसरा तसाच… नाही घेतला…

‘फुकट ते पौष्टिक’ मीच म्हणते, हो… हॉटेलातल्या साखरेच्या पुड्या, हो… ते छोटे साबण संपलेसुद्धा, त्यांचा इथे काय संबंध?… माझी तब्येत बरी आहे. ताप नाही… मला फुकटचं आवडत नाही… कधीपासून म्हणजे? आत्तापासून…

हसू नकोस… हसतेस की रडतेस?… बरं, दोन्ही कर. मी थांबते, बिल व्हायचंय…

दादा, काय झालं? यंत्र एकाचं बिलच करत नाही?… दोन घ्यावेच लागतात? अहो पण… असं कसं?… बरं. मग तो कुरिअरवाला आलाय ना दारात, कपाळावर हात धरून उभा आहे तो, त्याला द्या दुसरा… हो, खरंच द्या. माझ्यासमोर द्या आणि लवकर द्या, माझं मन फिरायच्या आत… दिला? घाल रे बाबा… शोभतोय. जा आता, जा…

काही नाही गं. छातीत जरा कळ आली… नाही, डॉक्टरकडे नको. नवी कोरी वस्तू दारातून जाताना बघितली की येते. बसेल आपोआप…

आहे ना, एकच आहे आता माझ्याकडे. तुझा आणि… तुमचा. टीमचा…

काय म्हणतेस?… शर्टाने नको?… हो, ओरखडे पडत असतील. नवीन काच आहे… धुतलेलं सुती फडकं. सांगते त्याला… थांब, नाही सांगत. तूच सांग… परवा. कुठे म्हणजे, सायकली लावायच्या जागी, तो उतरेल तेव्हा… तुझी अट आहे ना? ती तूच घातलीस, तूच मोड, मी कोण मोडणारी?…

मी तिथे नसेन. लांब असेन, टॉवेल गुंडाळून, तुमच्याकडे पाठ करून… पूर्ण पाठ… कानांचं काही कबूल नाही केलं मी…

बरं, चल. तुझे पेशंट ताटकळले असतील. ठेव… तू ठेव… तू आधी… बारके?… 

ठेवला वाटतं…

दादा, डबीबरोबर ते काच पुसायचं फडकं असतं ना, ते फुकट आहे का?… मग दोन द्या.