धुळीचा कायदा कपाटात

...आणि मूर्ख मीच, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला वेगळं शोधायला नको. देशाच्या मागच्या अध्यक्षांनी गांजाबंदीचा कायदा कपाटात ठेवला, कायदा आहे हो, रद्द कुठे केलाय, फक्त कुणाला पकडू नका म्हणाले, तेव्हा टाळ्या कुणी वाजवल्या? मी. का, तर आमच्या आईचे गुडघे. गांजाचं तेल चोळलं की बाई चर्चच्या पायऱ्या तरातरा चढते. मी म्हटलं, काय मायाळू अध्यक्ष! केक करून सगळ्या गल्लीत वाटला.

आता नवे आले. त्यांनाही तेच कपाट सापडलं, आणि आत काय टाकलं? खाणीतल्या धुळीचा कायदा. माझा नवरा, डेल्बर्ट, वीस वर्षं कोळशाच्या खाणीत उतरतोय. परवा पेपरोनी रोलचा एक घास घेतला आणि खोकत खोकत सिंक धरून उभा राहिला, रुमालावर काळं... मी तडक खाणीच्या सरकारी कार्यालयाला फोन लावला.

तिथला माणूस इतका गोड की चहात साखर नको. "मॅडम, कायदा आहे हो, रद्द कुठे केलाय." मग या की धूळ मोजायला. "तपासणी तूर्तास थांबवा, असं वरून पत्र आलंय." तूर्तास म्हणजे कधीपर्यंत? नाही, डेल्बर्टच्या फुप्फुसांना कळवायचंय. बरं, घटनेत लिहिलंय ना, अध्यक्षांनी कायदे निष्ठेने राबवावेत? तर म्हणतो, "निष्ठा आहे मॅडम. तपासायला माणसं नाहीत."

तुम्हीच सांगा, आम्ही निवडून दिलेली पाचशे माणसं भांडून भांडून कायदा करणार, आणि हा एक माणूस लग्नाच्या जेवणातल्यासारखं आवडेल तेवढंच ताटात घेणार? मग मीही निवडते. लाल सिग्नल आहे हो, रद्द कुठे केलाय, पण आज मला तो राबवावासा वाटत नाही... पोलीस ऐकेल?

बसले मग अध्यक्षांनाच पत्र लिहायला. डोकं इतकं तापलेलं की कागद फाटेस्तोवर पेन दाबलं. लिहून झाल्यावर घरात मोठ्याने वाचलं, "कुठला कायदा राबवायचा हे ठरवणारे तुम्ही कोण? सगळे राबवा. एकूण एक सगळे." डेल्बर्टने खोकतखोकतच मान डोलावली.

आई खुर्चीत बसून गुडघ्याला तेल चोळत होती. हात थांबला. बाटलीचं झाकण लावलं.

"'सगळे' खोड," म्हणाली. "'धुळीचा' लिही."