चार बोटं उंच ओटा

आजच्या समारंभाच्या सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे ज्यांची शाळा या ऑफिसनं बांधली त्या मुख्याध्यापिका बाई. व्यासपीठावर विराजमान झालेले आपले डोळ्यांचे डॉक्टर. आजचे सत्कारमूर्ती मोठे साहेब आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईसाहेब. उद्यापासून साहेबांच्या खुर्चीवर बसणारी आणि आत्ता माझ्याकडे डोळे वटारून बघणारी माझी नात. आणि समोर जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो.

हुश्श. एवढं नातीनं मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. पुढे आणखी पान-दीड पान आहे, पण ते मी घडी करून ठेवते. माझी शाळा चौथीत संपली, तेव्हा पुढचं मला जमेल तसं बोलते. चष्माही काढते. खाली बसलेल्यांचे चेहरे धूसर दिसले की मला धीर येतो. डॉक्टर, हसू नका, चष्मा तुम्हीच दिलाय.

मला इथं उभं केलंय ते या ऑफिसचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून. आज तुमचं ऑफिस तीन मजली आहे, काचेचं दार आपोआप उघडतं, आणि मी आत जावं की नको हे ठरवेपर्यंत परत मिटतं. पण मी पहिल्यांदा आले तेव्हा ऑफिस म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली होती. नकाशे काढायला टेबल नव्हतं. एक जुनं दार सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं, आणि त्याची कडीसुद्धा तशीच होती. साहेब त्या कडीला पट्टी अडकवायचे. बाईसाहेब खिडकीशी बसून नकाशांच्या प्रती काढायच्या. आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. बारीक काम कळायचं त्यांना. त्यांनी एक प्रत उचलून उजेडात धरली आणि मला हळूच म्हणाले, "याच पोराला द्यायचं काम. रेघ बघ, केस ठेवल्यासारखी आहे."

पोरगाच होते हो साहेब! मिशीसुद्धा धड आली नव्हती. रागावू नका.

साहेबांची काम करायची रीत तुम्हाला ठाऊक आहे, पण नव्या मंडळींसाठी सांगते. घर बांधून दिलं की बाकीचे लोक रस्त्यात दिसले तरी दुसऱ्या गल्लीत वळतात. हा माणूस वर्षानं स्वतः दारात येतो, आणि मग दर तीन वर्षांनी येतच राहतो. येतो आणि विचारतो, "वहिनी, घर काय म्हणतंय?" हातात ती वही. प्रत्येक बांधकामाला एक पान, आणि पानावर फक्त चुका. नियम असा, की तक्रार घरातल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगायची आणि ती त्याच्याच शब्दांत उतरवायची. आणि ज्यानं चूक केली, त्यानंच ती निस्तरायची.

डॉक्टरांच्या दवाखान्याचंच घ्या. एका पेशंटनं सांगितलं, "ऑपरेशनला नेताना वरचे दिवे डोळ्यांत खुपतात." दुसऱ्या कोणी मान डोलावून सोडून दिलं असतं. साहेब बूट काढून स्ट्रेचरवर आडवे झाले आणि म्हणाले, "चला, न्या मला." या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा ढकलत नेलं त्यांना. भेटायला आलेले लोक हळहळले, म्हणे एवढा तरणा माणूस! पुढच्याच आठवड्यात सगळे दिवे कडेला गेले. अशा माणसाला लोक घर झाल्यावर दुकान, दुकानानंतर लेकीचं घर असं एकेक काम का देत राहतात, हे काय मी सांगायला हवं?

आता माझ्या पानाकडे येते. इथं मला जरा पाणी द्या.

वहीतलं पहिलं पान माझं. आणि ते कोरं आहे. सेहेचाळीस वर्षं कोरं. साहेब नव्या माणसांना ते उघडून दाखवतात, "हे बघा, असं काम करा." मग ती सगळी मंडळी माझं स्वयंपाकघर बघायला येतात. मी त्यांना चहा देते आणि ते येण्याआधी एक वस्तू पिठाच्या डब्यामागे लपवते.

ती वस्तू म्हणजे एक लाकडी ठोकळा. चार बोटं उंच. सुतारानं चौकटीच्या उरलेल्या लाकडाचा करून दिला, घरात राहायला आले त्याच आठवड्यात. कारण माझा ओटा माझ्या मापाहून चार बोटं उंच आहे. ठोकळ्यावर उभी राहिल्याशिवाय मला पातेल्यातलं दिसत नाही.

साहेब, असे बघू नका माझ्याकडे. चूक तुमची नाही. ओट्याचं माप घ्यायला तुम्ही मला भिंतीशी उभं केलंत, कोपर दुमडायला लावलंत आणि पेन्सिलीनं खूण केलीत. पण मी त्या दिवशी नणंदेच्या उंच टाचेच्या चपला घालून आले होते. ऑफिसात जायचं, शिकलेल्या माणसांसमोर बुटकी दिसायला नको म्हणून. कपडे पायघोळ, टाचा झाकलेल्या. "चपला काढा" म्हणायला तुम्ही लाजलात, आणि मी काढायला लाजले. आणि मी कोण? शिवणकाम करणारी! गिऱ्हाईक आलं की मी दरडावते, "पोट आत ओढू नका, श्वास सोडा, माप खरं द्या." आयुष्यभर लोकांची मापं घेतली आणि स्वतःचं खोटं दिलं.

आमच्या ह्यांना कळलं तेव्हा ते इतके हसले की हातातलं घड्याळ पडलं. म्हणाले, "मग नणंदेच्या चपला कायमच्या मागून घे. ओटा लगेच बरोबर येईल."

वर्षानं साहेब आले. "घर काय म्हणतंय?" मी म्हटलं, "काही नाही, झकास आहे." काय सांगणार, मी मिरवायला गेले होते म्हणून? एकदा म्हटलं की पुढच्या वेळी तेच म्हणावं लागतं. आणि पान कोरं बघून साहेबांचा चेहरा असा फुलायचा! मला वाटायचं, ठोकळा माझा, पाय माझे, कोणाचं काय बिघडतंय?

बिघडलं होतं. गेल्या महिन्यात कळलं. दवाखान्यात डोळ्यांत औषध घालताना नर्सबाई म्हणाली, "आजी, साहेबांचं नमुन्याचं घर तुमचंच ना? आमच्या क्वार्टर्सच्या ओट्यांचं माप तिथलंच." मी विचारलं, "मग बरे आहेत का ओटे?" ती हसली. "बारा घरांत बारा ठोकळे आहेत, आजी."

"अगं मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होतो. पण त्याआधीच साहेब म्हणाले, हे माप इतकी वर्षं वापरात आहे, एकही तक्रार नाही. आम्हाला वाटलं, आमच्यातच काही कमी असेल."

डोळ्यांत औषध होतं ते बरं. पाणी कशाचं, ते तिला कळलं नाही.

घरी येऊन नातीला सांगितलं. ही पोर त्याच ओट्याखाली बसून अभ्यास करायची, ठोकळ्यावर चढून डबे उघडायची. ऑफिसात लागल्यापासून माप घेताना ही प्रत्येकाला अनवाणी उभं करते. का, ते कोणी विचारलं नाही. मी म्हटलं, "तूच लिही ना वहीत, गुपचूप."

म्हणाली, "नियम नियम आहे. तुझ्या तोंडून यायला हवं."

"पण निरोपाच्या दिवशी त्यांचं एकुलतं एक कोरं पान खराब करू?"

"आजी, उद्यापासून ती वही माझ्या हातात येणार. पहिलंच पान खोटं असेल, तर मी पुढच्या पानांवर विश्वास कसा ठेवू?"

रात्रभर कूस बदलली आणि ठरवलं. ज्या माणसानं दिव्यांसाठी स्ट्रेचरवर झोपून बघितलं, त्याला कोरं पान देऊन निरोप देणं म्हणजे त्याला ओळखलंच नाही असं होईल.

तर साहेब, सेहेचाळीस वर्षांनी का होईना, माझ्या तोंडानं सांगते. घर सोन्यासारखं आहे. ओटा चार बोटं उंच आहे. लिहा.

अहो, खरंच उठले! बाईसाहेब, वही पिशवीतच होती का? पेन द्या कोणीतरी त्यांना. काय म्हणता साहेब? "बोटं कोणाची, तुमची की माझी?" माझी लिहा, माझी. तुमच्या बोटांनी मोजलं तर आणखी चढेल. अगं बाई, किती घाईनं लिहितायत! आणि हसतायत. मी सेहेचाळीस वर्षं घाबरले ती या हसण्याला?

आता काय म्हणता? "मी उद्यापासून घरी बसणार नाही, चूक माझ्या हातची आहे. सोमवारी गवंडी घेऊन येतो." ऐकलंत मंडळी? निरोप आपण दिला, पण यांनी घेतला कुठे! साहेब, आधी नर्सबाईंचे बारा ओटे करा. माझं शेवटी. मला ठोकळ्याची सवय आहे. आणि माझं माप नव्यानं घ्यावं लागेल. वयानं मी आणखी दोन बोटं खाली उतरलेय. या वेळी अनवाणी उभी राहीन.

बाईसाहेबांचे, डॉक्टरांचे, अध्यक्षबाईंचे आणि इतका वेळ न चुळबुळता ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात मागेपुढे झालं असेल, कोणाला लागलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि पोटात मावलं नाही, तर माझ्या नातीकडे वही आहे. तिला सांगा, ती लिहून घेईल. पण स्वतःच्या तोंडानं सांगा, आणि माझ्यासारखा उशीर करू नका.

नमस्कार.