सटवाजी उत्तराला थांबला

मंडळी, मला एक सांगा — निरोप पाठवला, म्हणजे पोचला का? माना डोलवू नका! आधी ऐका.

आमच्या धाकट्या लेकीचं, सारिकाचं, लग्न झालं त्या उन्हाळ्याची गोष्ट. मी बासष्ट वर्षांचा, आणि अक्षरशत्रू! कीर्तन सगळं तोंडपाठ. पुढ्यात पोथी उघडी, ती नुसती शोभेला! हसा, हसा! जावयानं मोबाइल दिलेला, तो खिशात मिरवायचो. ग्रामपंचायतीनं गावाचा ग्रुप काढला. सरपंच सटवाजी कोतवालाला म्हणाले, "दवंडी बंद. हलगी ठेव खुंटीला."

त्याच दिवसांत विद्यापीठातून रेवतीताई आली. मोबाइलनं गावाच्या धंद्यात, माणसांच्या वागण्यात काय बदललं, याचं संशोधन करायला. घरोघर विचारत फिरायची. दुपारी तीनला माझ्या ओसरीवर बसली.

"बुवा, ग्रुपवरच्या सकाळच्या निरोपाला अंगठा दिलात का? काय होता निरोप?"

"नेहमीचंच गं!"

"बघू." माझा फोन घेऊन वाचलं, आणि पोर ताडकन उठली. "बुवा, चारला धरणाचं पाणी सोडतायत! नदीच्या पात्रात कुणी थांबू नका, म्हणतायत!"

मंडळी — पात्रात आमची कलिंगडाची वाडी! आणि वाडीत आमची ही! निरोपाखाली अंगठे किती? एकशे चाळीस! वाचला किती जणांनी, देव जाणे!

मी धावलो सटवाजीकडे. "सटवा, हलगी काढ!"

"का बुवा, ग्रुपचा घसा बसला?" टोमणा मारला, पण पाय आधीच उचललेले!

त्याची एक रीत होती. आतून "ऐकलं" असं उत्तर आल्याशिवाय दारावरून हलायचं नाही. काठावर हलगी घुमली. "पाणी येतंय होऽऽ!" एकेका वाडीतून "ऐकलं!" आलं, माणसं वर चढली. आमच्या वाडीतून उत्तर नाही.

मी म्हटलं, "गेली असेल घरी."

"उत्तर कुठंय, बुवा?" म्हणाला, आणि उतरला वाळूत!

हिला कमी ऐकू येतं. खोपीत डोळा लागलेला. त्यानं दंड धरून उठवलं. "वैनी, चला!"

"मेल्या, कलिंगडं कोण राखील?"

दोघं काठावर चढली, आणि मागं लोंढा! कलिंगडं गेली. माझं माणूस राहिलं!

रेवतीताईनं ग्रामसभेत वाचून दाखवलं : "मोबाइलनं निरोप गावात आणला, घराघरात तो माणसानं न्यायचा आहे." सरपंचांनी ऐकलं. ग्रुपही राहिला, हलगीही. ज्या घरातून उत्तर नाही, तिथं सटवाजी जायचा. आणि त्या पोरीनं, जाण्याआधी महिनाभर बसून, मला त्याच फोनवर अक्षरं शिकवली. पहिला शब्द गिरवला — ऐकलं! त्या पोरीचे, त्या हलगीचे, त्या फोनचेही उपकार आहेत हो माझ्यावर!

आता तुम्ही! इतकी वर्षं कीर्तनाला येता, माना डोलवता — माझ्यासारखेच अंगठे! घरी म्हातारी हाक मारते, तिला उत्तर दिलंत? आज उंबऱ्यात पाय ठेवताच "ऐकलं" म्हणा. माझी बिदागी मला पोचली.

परवा ग्रुपवर एक निरोप आला. तो माझा मीच वाचला. सटवाजी कोतवाल माघ शुद्ध दशमीला सकाळी वारला.