डावा पाय

"दवाखान्यात दुसऱ्यांचं ऐकत बसू नकोस, त्यांची दुखणी घरी घेऊन येशील," असं आई म्हणाली होती. मी ते हसण्यावारी नेलं. काल लेकीला मांडीवर घेऊन हृदयविभागाबाहेर बसले होते. शेजारच्या आजींशी ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेली सिस्टर बोलत होती.

"आजी, आजोबांच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी बदलून होईपर्यंत पाठीच्या मज्जारज्जूला रक्त कमी मिळतं. म्हणून डोक्याला विजेचा बारीक झटका देऊन पाय हलतात का ते सारखं बघतोय."

"बेशुद्धीत?"

"हो."

"घरी जागेपणी पंखा बंद करा म्हटलं तरी हलत नाहीत ते पाय."

"मघाशी दोन्ही थांबले होते. रक्तदाब वाढवल्यावर उजवा परत हलला."

"आणि डावा?"

"अजून नाही. प्रयत्न चालू आहेत."

"बरं."

"सोबत कोण आहे तुमच्या?"

"मुलगा आहे ना. खाली चहाला गेलाय."

"सकाळीही चहालाच गेला होता."

"त्याला चहा फार लागतो गं."

"फोन लावून देऊ?"

"नको. तू आत जा. त्यांच्या कानात सांग, डावा हलवा म्हणावं. आमच्याकडे लिफ्ट नाही, आणि मी एकटी तीन जिने कशी चढवू त्यांना?"

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. परत आले तेव्हा आजींची खुर्ची रिकामी होती.

तुम्ही आज तिकडे गेलात, तर मांडीवर पुरुषाच्या चपलांची पिशवी घेऊन बसलेल्या आजी दिसतात का बघा. आणि डाव्या पायाचं काय झालं, तेवढं विचारा.