पवनचक्कीपर्यंत न पोचलेलं पाणी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय व्यंकटराव, व्यासपीठावरील मान्यवर, पवनचक्की कंपनीचे अधिकारी, अग्निशमन दलातले माझे सहकारी आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

एकतीस वर्षं बंबावर काढली, आज निवृत्त होतोय. आता उभं राहून बोलायचं म्हटलं तरी गुडघे कुरकुरतात, म्हणून थोडक्यात आटोपतो. आत्ता सूत्रसंचालकांनी वाचून दाखवलं की, दिनकररावांनी झरीजवळच्या पवनचक्कीच्या आगीतून दोघांचे प्राण वाचवले. टाळ्याही पडल्या. मंडळी, मी कोणाला वाचवलं? खरं काय घडलं ते आज तरी सांगू द्या.

गेल्या एप्रिलमधली दुपार. वर्दी आली, आम्ही बंब घेऊन पोचलो. ऐंशी मीटर उंचीवर, पात्यांमागच्या यंत्रखोलीत आग लागलेली. ब्रेक तापला, गळलेलं तेल पेटलं. देखभालीला चढलेले दोघं वर अडकलेले, हे समोर बसलेत ते महालिंगअप्पा आणि त्यांच्यासोबत काम करणारी त्रिवेणी. उतरायची शिडी खांबाच्या पोटातून, आणि आग नेमकी तिच्या तोंडाशी. आमच्या पाण्याची धार जेमतेम सात-आठ मजले चढते. लोक ओरडायला लागले, "ओ सायेब, नुसते बघायलात काय? पाणी मारा की!"

माणसं लांब हटवली. वरून जळते तुकडे पडत होते, त्यांनी ज्वारीची धसकटं पेटू नयेत म्हणून रान भिजवत राहिलो. इतका हतबल मी उभ्या नोकरीत झालो नव्हतो.

वाचवलं ते त्रिवेणीनं. सुटकेच्या दोराची पिशवी खरं तर वरच ठेवायची असते, पण ती खाली गोदामात पडलेली असायची. ही पोरगी दर वेळी आठवणीनं वर न्यायची. सोबतचे हसायचे, "काय गं, वर मुक्कामाला चाललीस का?"

अप्पांचा उजवा हात भाजला होता. पुढचं त्यांनीच मला दवाखान्यात सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, आधी तू उतर." तर ती म्हणाली, "अप्पा, एका हातानं तुमाला पट्टा बांधता येईना. मी गेल्यावर कोण बांधील? चला, तुमी आधी." आणि तिनं त्यांना बाहेर सोडलं.

अप्पा जमिनीला टेकायला दीड मिनिट लागलं. तो दोर कप्पीवरून फिरतो, एक टोक खाली गेलं की दुसरं वर येतं; तेव्हा कुठं ते दुसरं टोक तिच्यापर्यंत पोचलं. तेवढ्या वेळात ती धुरात कधी दिसायची, कधी नाही. मी देवाचं नाव घेतलं का, तेही आठवत नाही. खाली आली, माझ्या अंगावरच कोसळली आणि पहिलं विचारलं, "अप्पा बरे हायत का?"

अप्पांची दोन बोटं अजून वळत नाहीत. त्रिवेणी आज इथं नाही. ती दुसऱ्या एका चक्कीवर चढलीय.

त्या चक्कीत आपोआप आग विझवणारी यंत्रणा आहे का? अजून नाही. मी त्यासाठी कंपनीला सात पत्रं लिहिली. उद्यापासून माझ्या पत्राला जावक क्रमांकसुद्धा मिळणार नाही, म्हणून साहेब, आज सगळ्यांदेखत तोंडीच मागतो: ती बसवा.

आपण बोलावलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. सत्काराच्या दिवशी कडू बोललो असेन तर थकल्या माणसाचं बोलणं म्हणून पोटात घाला. मागणी मात्र पोटात घालू नका.